चित्रफितींच्या खोलीतली दुसरी खुर्ची

बाई, काल ती पुण्याहून आली होती. अळणावरकडच्या खेड्यातली, तुम्ही जिला माझ्यानंतर कामाला घेतलंत आणि माझ्याआधी जवळ केलंत, ती. कानांजवळचे केस पांढरे झालेत तिचे, चष्मा आलाय, आणि आपल्या प्राचार्यांनी उठून उभं राहून तिला 'या मॅडम' म्हटलं. ग्रंथालयातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी आता डिस्कवर उतरवून घ्यायच्या आहेत. त्यांतल्या कुठल्या वाचवण्यासारख्या आहेत, कुठल्यांवर बुरशी चढलीय, हे बघून सांगायला तिला बोलावलं होतं. बोलावणं मीच पाठवलं. तुमच्या जागेवर मी बसते आता, त्यामुळे मलाच पाठवावं लागलं. सकाळी तिला फाटकातून आत येताना पाहिलं आणि इतक्या वर्षांनीही माझी पहिली नजर तिच्या मनगटावर गेली. तुमचं घड्याळ नव्हतं. मला बरं वाटलं, आणि ते बरं वाटलेलं दिवसभर टोचत राहिलं.

तुम्हाला आठवतं का, त्या कॅसेटी आल्या तेव्हा ग्रंथालयात पुस्तकांखेरीज काही नव्हतं. एका ट्रस्टनं कपाटभर व्हिडिओ कॅसेटी आणि पत्र्याच्या डब्यांतली फिल्मची रिळं कॉलेजला देऊन टाकली होती. शेतीच्या, आरोग्याच्या, विणकरांच्या, कुठल्याशा धरणाच्या. हुबळीच्या विद्यानगरात तेव्हा गल्लोगल्ली कॅसेटी भाड्यानं देणारी दुकानं होती आणि मुलांना वाटलं, आता कॉलेजातही सिनेमे मिळणार. तुम्ही मात्र धारवाडहून नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आलात आणि मला म्हणालात, "आधी नोंदी. नोंद नसलेली वस्तू ग्रंथालयात नसतेच बघ." मी नवी होते, उत्साही होते. दोन दिवसांत डब्यांवरची नावं बघून कार्डांचा एक गठ्ठा टाइप करून तुमच्या टेबलावर ठेवला. तुम्ही वरचं कार्ड उचललंत. 'शेळीपालन, भाग दोन.' तुम्ही ती कॅसेट लावलीत, आणि पडद्यावर एक बाई हातमागावर इरकल विणत बसलेली. दोन प्राध्यापक तिथेच वर्तमानपत्र वाचत होते. त्यांच्यादेखत तुम्ही म्हणालात, "डबा बघून नाव ठेवतेस काय? बारशाला बाळ बघत नाहीत, पाळणा बघतात काय तुमच्यात?" ते हसले. मी घरी जाऊन जेवले नाही. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भांड्यांचं दुकान बंद करून आल्यावर विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, बाई रागावल्या. ते म्हणाले, "रागावणाऱ्या माणसाजवळच शिकायला मिळतं. न रागावणारा आपला फक्त पगार वाटतो."

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मला मागच्या खोलीत घेऊन बसायला लागलात. खिडकीला काळं कापड, टेबलावर टीव्ही आणि व्हीसीआर, रिळांसाठी प्रोजेक्टर आणि पडदा, समोर दोन खुर्च्या. जेवणानंतरची वेळ. तुमचं मनगटी घड्याळ काढून तुम्ही दोघींच्या मध्ये ठेवता आणि मी फिल्म सुरू झाल्याची वेळ लिहून घेते. नाव पडद्यावर उमटेल ते, जसं उमटेल तसं. पडद्यावर नसलं तरच डब्याकडे जायचं. भाषा कुठली, आवाज आहे की मुकी, रंगीत की काळीपांढरी, चालते किती मिनिटं. मी दिग्दर्शकाचं नाव सगळ्यात वर लिहिते, पुस्तकाच्या कार्डावर लेखकाचं लिहितो तसं, तर तुम्ही माझा हात धरता. "पुस्तक एकट्याचं असतं. हे किती जणांचं आहे बघ की. कॅमेरावाला, आवाजवाला, ती विणणारी बाई. एकालाच वर कसं बसवशील? म्हणून वर फिल्मचं नाव, माणसं खाली." मग सारांश. मी लिहिते, 'विणकर स्त्रीच्या जीवनाचे सुंदर चित्रण.' तुम्ही 'सुंदर' खोडता. "सुंदर तुला वाटलं. कार्ड तुझं नाही." बाई, माझ्या आयुष्यात मला इतकं खोडलं कुणी नाही आणि इतकं सुखही कशात वाटलं नाही. मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातली शेंगाची चटणी तुम्ही न विचारता घ्यायचात. आई मग दोघींपुरती द्यायला लागली. तुम्ही लग्न केलं नव्हतं, धारवाडला एकट्याच राहत होता. तुमचं घरचं बोलणं कानडी, पण माझ्याशी तुम्ही मराठीत बोलायचात, शाळेत शिकलेल्या, थोड्या पुस्तकी, जपून बोललेल्या मराठीत. मला वाटायचं, ही मराठी तुम्ही माझ्यासाठीच काढून ठेवलेली आहे.

मग ती आली. वडील लाकडाच्या वखारीत हमाल, घरात शिकलेली ही पहिली. ग्रंथालयाचा कोर्स करून आलेली, माझ्याहून लहान, मला पहिल्या दिवसापासून 'अक्का' म्हणणारी. माझं तिच्याशी वाईट व्हायचं काही कारण नव्हतं. घरी ती मराठीच बोलायची, आमच्या हुबळीच्या बाजारातल्यापेक्षा जरा वेगळी, पण तुमच्याशी तिनं तोंड उघडलं ते कानडीत, आणि तुम्हीही कानडीत उत्तर दिलंत. तेव्हा मी पहिल्यांदा तुमचं मोठ्यानं हसणं ऐकलं. मराठीत तुम्ही कधी तशा हसला नव्हता.

ते नाव नसलेलं रीळ आठवतं? सुरुवातीचा तुकडा तुटून गेलेला, डबाही कोरा. अशा वेळी नाव आपणच द्यायचं आणि ते चौकोनी कंसात लिहायचं, म्हणजे वाचणाऱ्याला कळावं की हे फिल्मनं सांगितलेलं नाही, आपण ठेवलेलं आहे. मी खूप विचार करून लिहिलं, 'ग्रामीण जीवन'. तुम्ही कागद तिच्यापुढे सरकवलात. तिनं पुन्हा एकदा रीळ बघितलं आणि लिहिलं, 'विहीर खणताना माणसं'. तुम्ही ते मोठ्यानं वाचलंत. परत वाचलंत. आणि तिच्या पाठीवर हात ठेवलात. खोलीत अंधार होता, पण पडद्याच्या उजेडात तो हात मला स्पष्ट दिसला. तो किती वेळ तिथे होता तेही मला सांगता येईल. माझ्या पाठीवर तुमचा हात कधी पडला नव्हता. मी हिशेब ठेवला नव्हता तोवर, त्या दिवसापासून ठेवायला लागले.

पुढच्या आठवड्यात तुम्ही म्हणालात, "टाइपिंग तुझं स्वच्छ आहे. तू बाहेर कार्डं कर, आत ही बसेल." मी बाहेर बसले. काळ्या कापडाच्या पलीकडून हसणं यायचं, तुमचं 'यव्वा' ऐकू यायचं. तिला तुम्ही यव्वा म्हणायचात, लेकीला म्हणतात तसं. मला नावानं हाक. तिच्या हातून कार्डं यायची, मी ती टाइप करायची, आणि खरं सांगते, चूक शोधायची. फारशा सापडायच्या नाहीत. एक दिवस ती खोलीतून बाहेर आली तर तुमचं घड्याळ तिच्या हातात. मी विचारलं, "बाईंचं विसरलं वाटतं आत?" ती लाजून म्हणाली, "नाही अक्का, दिलं मला. माझ्याकडे नाही म्हटलं तर काढून दिलं." माझ्याकडे होतं, अप्पांनी मॅट्रिक झाल्यावर घेतलेलं. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी ते काढून कपाटात टाकलं आणि बरेच दिवस रिकाम्या मनगटानं तुमच्यासमोर वावरले. तुमच्या लक्षात आलं नाही.

तरी तेवढ्यावर राहिलं असतं. पण पुण्याहून विचारणा आली. तिथल्या एका मोठ्या फिल्म संग्रहात नोंदी करायला माणूस हवं होतं, आणि तुमचं काम त्यांच्या कानावर गेलं होतं. एक नाव द्या म्हणाले. मी त्याच दिवशी घरी अप्पांना विचारलं. मला वाटलं होतं नाही म्हणतील, स्थळं बघणं चाललेलं. अप्पा बराच वेळ पितळेचा एक तांब्या हातात फिरवत बसले आणि म्हणाले, "पुण्यात तुझी मावशी आहे. जा. लग्न काय, होईल." मी सकाळी धावत आले, तर तुम्ही तिचं नाव कळवून मोकळ्या झाला होता.

"बाई, माझं का नाही?"

"तुला घर सोडवणार नाही. अप्पा पाठवतील काय तुझे?"

"पाठवतायत. कालच हो म्हणाले."

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. टेबलावरची टाचणी उचललीत, परत डबीत टाकलीत. "झालं आता ते," म्हणालात. "राहिलेली कार्डं कर. पेटी अर्धी रिकामी आहे."

तिला निरोप द्यायला आपण दोघी हुबळी स्टेशनवर गेलो होतो. तुम्ही खिडकीच्या गजांतून तिचा हात धरून उभ्या होता, गाडी हलेपर्यंत. मी पाण्याची बाटली भरून आणली. तेवढंच काम उरलं होतं. परतताना तुम्ही मला म्हणालात, "उद्यापासून आत बस." बसले. खुर्ची तीच होती, पण आता ती दुसऱ्याची उरलेली खुर्ची होती. तिची पत्रं यायची, तुम्ही त्यांतलं मला वाचून दाखवायचात, तिथे कसली कसली जुनी रिळं आहेत, ती टिकवायला थंड खोल्या आहेत. मी मान हलवायची. पुढे तुमचं दुखणं सुरू झालं. रविवारी मी धारवाडला यायची, भात लावायची, तुमचे केस विंचरायची. दवाखान्यात शेवटचे दिवस मी होते, ती नव्हती. तिला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. आणि तरी शोकसभेत प्राचार्य बोलले ते काय? बाईंची खरी शिष्या पुण्यात नाव काढतेय. मी पहिल्या रांगेत होते. मी टाळी वाजवणार होते जवळजवळ, मग आठवलं की शोकसभा आहे.

असं सगळं मनात घेऊन काल मी तिच्याबरोबर त्याच खोलीत बसले. ती कॅसेट उजेडाकडे धरून झडपेतून आत बघायची, बोटानं अलगद चाक फिरवायची. इरकलची कॅसेट वाचेल म्हणाली. डिस्कवर उतरवली की तिला नवी नोंद करायची की जुन्याच कार्डावर लिहायचं, यावरून आमचा थोडा वाद झाला. मी म्हणत होते जुनंच कार्ड पुरे. ती म्हणाली, "नाही अक्का, बाई म्हणाल्या असत्या, वस्तू बदलली, नवी नोंद. कशावरून उतरवली ते खाली लिहा." तुम्ही काय म्हणाला असता हे ती मला सांगत होती. मला, जिनं तुमच्या तोंडात शेवटचं पाणी घातलं. आणि बाई, ती बरोबर होती, तुम्ही हेच म्हणाला असता.

दुपारी आम्ही मागच्या पायऱ्यांवर डबा उघडला. ती भाकरी मोडता मोडता म्हणाली, "इथे बसलं की मला ते पुण्याचं आठवतं. मी फार रडले होते अक्का." मी म्हटलं, रडायला काय झालं, निवड झाली होती तुझी. तिनं भाकरी डब्यात परत ठेवली. "तुम्हाला बाई काहीच बोलल्या नाहीत? मी त्यांना म्हटलं होतं, अक्कांचं नाव द्या, त्या माझ्याआधीच्या, काम त्यांचं पक्कं. तर बाई काय म्हणाल्या माहीत आहे? 'आकी इल्ले इरलि. आकी ननग बेकु.' ती इथेच राहू दे, ती मला हवी. मला तेव्हा वाटलं, आपल्याला कुणी असं ठेवून घेत नाही. घड्याळ देतात, कौतुक करतात आणि गाडीत बसवून देतात."

मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसले होते. तुम्ही मला कमी समजत होता असं धरून मी इतकी वर्षं काढली. कमी नव्हते तर. तुम्हाला एकटं राहायचं नव्हतं, म्हणून मी हुबळीत राहिले. अप्पांनी हो म्हटलेलं सांगितलं, तेव्हा तरी तुम्ही बोलायला हवं होतं. मला विचारायला हवं होतं. विचारलं असतंत तर मी कदाचित आपण होऊन राहिले असते, किंवा नसते, पण ते माझं मी ठरवलं असतं. तुम्ही पुण्याची थंड खोली, दुसरं आयुष्य, सगळं माझ्याकडून काढून घेतलंत आणि वर मला वाटू दिलंत की ते मला झेपणारं नव्हतं. हे मी तुमच्यासमोर कधी बोलू शकले नसते. हा कागद तुमच्यापर्यंत जायचा नाही, म्हणून हात चालतोय. उद्या फाडीन बहुतेक.

राग खरा आहे, तो राहील. पण काल पायऱ्यांवर आधी राग आला नाही. ती बोलून थांबली तेव्हा मी म्हटलं, पंख्याच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही, बाई काय म्हणाल्या ते परत सांग, कानडीतच सांग. तिनं सांगितलं, हळू, एकेक शब्द. पायऱ्यांवर पंखा नाही, बाई. मला ते फक्त आणखी एकदा ऐकायचं होतं.