आईच्या खोलीवरचं छप्पर

अहिल्यानगर, १९ मे

प्रिय दादा,

शुक्रवारी आईला न्यायला येतोस, हा तुझा निरोप मिळाला. त्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडावं म्हणून रामहरी अण्णांकडे देते आहे. ते मार्केट यार्डात आले होते, उद्या सकाळच्या पाथर्डी गाडीनं परत निघतील. फोन केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि निम्मी वस्ती ऐकत असते. चार माणसांसमोर तू माझं बोलणं हसण्यावारी नेतोस. मग मी गप्प बसते, आणि मी गप्प बसले की तुला वाटतं विषय मिटला. मिटलेला नाही. मी चिडले आहे. ओरडत नाही म्हणून ते तुला कळत नाही, तेव्हा लिहून कळवते.

आई बरी आहे. दोन वेळा नीट जेवते. खालच्या मजल्यावरच्या राहीबाईंशी तिची गट्टी जमली आहे. दुपारी दोघी जिन्यात वाऱ्याला बसून शेंगा फोडतात आणि आई त्यांना आपल्या नव्या घराचं वर्णन ऐकवते. ‘माझ्या बिभीषणनं मला माडीवर खोली बांधलीय, आख्ख्या वस्तीत कुनाच्या आईला न्हाई.’ रोज तेच, आणि राहीबाई रोज नव्यानं ऐकतात. पण त्या माडीवरच्या खोलीत ती परत झोपणार असेल, तर मी तिला पाठवणार नाही. हे शुक्रवारी दारात भांडून सांगण्यापेक्षा आजच सांगते. एकादशीला पडली तशी तिथं ती पुन्हा पडेल, आणि दर वेळी कुणी वेळेवर वर जाईलच असं नाही.

डिसेंबरात मी तुला नकाशा पाठवला होता, आठवतोय? माडीवर पांढऱ्या रंगाचा पत्रा, त्याला लागून दोन इंच उष्णतारोधक थर, त्याखाली हवा खेळायला चार बोटं पोकळी आणि ती तापलेली हवा बाहेर पडायला आढ्याला फट. तू तेव्हा ऊसतोडीची टोळी घेऊन देवळाली प्रवराकडे साखर कारखान्यावर होतास. नकाशा पाहून तू फोन केलास आणि म्हणालास, ‘इंजिनियर बाई, तुमी कंपनीच्या शेडी बांधा. घर आमी बांधतो.’ मागं टोळीतली माणसं हसलेली ऐकू आली. मग आवाज उतरवून म्हणालास, ‘पत्र्याचं नाव काढू नगं. जलमभर पत्र्याखाली भाजलो.’

पहिल्या वाक्याचा मला राग आला. दुसरं मला कळलं. आपल्या जुन्या घराचा पत्रा मीही विसरलेले नाही. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर ठेवलेले धोंडे, खिळ्यांच्या भोकांतून जमिनीवर पडणारे उन्हाचे ठिपके, एप्रिलमध्ये तात्या वर टाकायचे ती ओली पोती. गारा पडल्या तेव्हा तू माझे कान दाबून धरले होतेस आणि तुझे कुणीच धरले नव्हते. शाळेत मला कुणी ‘पत्र्याची पोरगी’ म्हटलं की तू मारामारी करून यायचास. तेव्हा पत्र्यावर तुझा राग आहे तो खरा आहे. पण तो पत्रा उघडा होता, दादा. खाली काही नाही, वर रंग नाही. मी सांगत होते तो पत्रा आणि तो पत्रा यांच्यात, पाचटाची कोपी आणि बंगला यांच्यात असतो तेवढा फरक आहे. मला हे तुला समजावून सांगायचं होतं. तू हसलास म्हणून मी सांगितलं नाही.

मग जानेवारीत तू कारखान्याच्या पाहुण्यांसाठीच्या बंगल्यावर उसाच्या मोळ्या पोचवायला गेलास आणि तिथलं काळसर, खवल्याखवल्यांचं छप्पर पाहून आलास. शिंगल्स. सकाळी सातला तू शिडीवर चढून त्यावर हात ठेवलास आणि मला कळवलंस की बर्फासारखं गार आहे. जानेवारीत सकाळी सातला लोखंडाचा तवाही गार असतो. पण मी यावर बराच विचार केला आणि मला वाटतं, ही चूक फक्त आपल्यासारख्यांच्याच हातून होऊ शकते. दसरा झाला की आपण घराला कुलूप लावून कोयता घेऊन निघतो आणि उन्हाळा लागल्यावर परत येतो. थंडीचे दिवस आपण पाचटाच्या कोपीत काढतो. आपल्या स्वतःच्या घरात आपण एकही थंडी राहिलेलो नाही. ज्या घरात फक्त चैत्रापासून पुढंच राहायचं, त्याचं छप्पर तू पौषात हात लावून निवडलंस.

शिंगल्स वाईट असतात असं मी म्हणत नाही. जे आहे ते सांगते. पावसात आवाज करत नाहीत, गारा पडल्या तरी कानठळ्या बसत नाहीत, गंजत नाहीत, आणि दिसतात चांगल्या. महाबळेश्वरला बांधायचं असतं तर मीच सुचवल्या असत्या. पण त्या म्हणजे डांबरात भिजवलेल्या जाड पट्ट्या, वर दगडाची बारीक खडी, आणि सगळं ठोकायला खाली प्लायवूड. रामहरी अण्णा पहिल्या दिवशीच म्हणाले होते ना, ‘गावाला यायची डांबरी सडक बिभीषणच्या घरावर गेली की रं.’ तुम्ही सगळे हसलात. शास्त्र म्हणून त्यात काही चूक नव्हती. काळं डांबर दिवसभर ऊन पितं आणि सूर्य गेल्यावर ते सावकाश खाली सोडत बसतं. पांढरा पत्रा बरंचसं ऊन आल्या पावली परत पाठवतो. जे उरतं ते खालचा थर अडवतो. आणि पत्रा पातळ असल्यामुळं दिवस मावळला की लगेच निवतो. पत्र्याचेही दोष आहेत. स्क्रूचा वायसर सुटला की गळतो, पावसात बोलतो, रंग दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. पण या दोषांनी माणूस आडवा पडत नाही.

आई दवाखान्यात होती तेव्हा दोन दिवस मी घरी राहून थर्मामीटर लावून मापं घेतली. तू पायरीवर बसून चहा पीत म्हणालास, ‘खोलीचा ताप बघतीस व्हय? गोळी दे तिला.’ सुकन्या वहिनीसुद्धा पदरात तोंड लपवून हसली. आकडे तेव्हा तू ऐकले नाहीस, आता वाच. दुपारी अडीच वाजता बाहेर सावलीत एक्केचाळीस अंश. छपरावर बहात्तर. प्लायवूडच्या खालच्या अंगाला, म्हणजे आईच्या डोक्यावर, चौपन्न. खोलीतल्या हवेत सेहेचाळीस. संध्याकाळी साडेसातला बाहेर पस्तीस झालं होतं, खोलीत अजून बेचाळीस. पंखा ही हवा फक्त फिरवतो. आमच्या एमआयडीसीतल्या साईटवर, मी सांगितला होता तसल्याच पत्र्याखाली, त्याच आठवड्यात भर दुपारी थराच्या खालच्या अंगाला त्रेचाळीस होतं. ते बघायला तू कधीही ये.

तू म्हणशील, तुला माझी संमती होती. माझा मेसेज तू किती जणांना दाखवलास ते मला अण्णांनीच सांगितलं. तू शिंगल्सचा फोटो पाठवून विचारलं होतंस, कसं दिसतंय. मी उत्तर दिलं, दिसायला छान आहे. तू विचारलंस तेवढ्याचंच उत्तर मी दिलं, कारण नकाशावरून हसलास त्याचा राग माझ्या मनात होता. शब्द बरोबर होते, वागणं चुकीचं होतं. त्याचा दोष माझ्याकडे आणि तो मी कुणावर ढकलत नाही. पण तू सातवीतून शाळा सोडून कोयता धरलास तो मी शिकावं म्हणून. मी शिकले. माझ्या शिक्षणाचा तुला अभिमान आहे, पाहुण्यांसमोर माझं नाव घेताना तुझी छाती फुगते. मग त्या शिक्षणावर विश्वास का नाही? कंपनीतली परकी माणसं माझ्या सहीवर शंभर फुटांची शेड उभी करतात. माझ्या घरी माझं शिक्षण लग्नपत्रिकेत नावापुढं छापण्यापुरतं.

आणि जुन्या घराची ती पत्र्याची खोली तरी ठेवायची होतीस. घर झाल्यावर महिनाभर आई सगळ्यांचं जेवण उरकलं की गुपचूप खाली उतरून त्या जुन्या पत्र्याखाली झोपायला जायची, हे वहिनीला माहीत होतं, तुलाही माहीत होतं. दिवसा तो पत्रा तव्यासारखा तापायचा, पण दिवेलागणीनंतर निवायचा. तिला कुणी उष्णतेचा नियम शिकवलेला नव्हता. तिनं पाठीला विचारून जागा निवडली होती. तू ती खोली पाडलीस. का, तर नव्या घरापुढं शोभत नाही, आणि एवढं बांधूनही म्हातारी खोपटात झोपते म्हणून लोक नावं ठेवतील. तिच्या झोपेची जागा तू लोकांना विचारून ठरवलीस, दादा. ज्यांनी तिला तीस वर्षं उसाच्या फडात वाकलेली पाहिली आणि कधी पाणी विचारलं नाही, त्या लोकांना.

आता जे लिहायचं नव्हतं ते. त्या एकादशीला आई उपवासानं पडली नाही. सकाळी वहिनीनं केलेली साबुदाण्याची खिचडी तिनं वाडगाभर खाल्ली होती. शिंगल्सवाला दुकानदार कर्जतच्या दोघा गिऱ्हाइकांना छप्पर दाखवायला घेऊन आला, तेव्हा तूच तिला हाक मारलीस, वर जाऊन खाटेवर बस म्हणालास, म्हणजे त्यांना ‘आईची खोली’ बघता येईल. तेव्हा एक वाजला होता. ते फोटो काढून गेले, तू त्यांना सोडायला फाट्यापर्यंत गेलास, आणि ती तिथंच बसून राहिली, कारण लगेच खाली उतरली तर तुला वाईट वाटेल. चार वाजता वहिनी चहा घेऊन गेली तेव्हा आई बोलत नव्हती. दवाखान्याच्या कागदावर उष्माघात लिहिलं आहे आणि ताप एकशे पाच. तो कागद इंग्रजीत होता आणि तो माझ्या हातात पडला. शुद्धीवर आल्या आल्या तिनं आधी माझं मनगट धरलं आणि म्हणाली, ‘त्येला सांगू नगंस. लई हौसेनं बांधलंय त्येनं. उपास घडला म्हन.’ मी कबूल केलं. मग तू आलास आणि सगळ्या वॉर्डासमोर तिला रागावलास, की या वयात कसले उपास करतेस, पोरांच्या जिवाला घोर लावतेस. ती खाली मान घालून चुकलं म्हणाली. तो कागद पर्समध्ये ठेवून मी शेजारी उभी होते. तेव्हापासून मी तुझ्यावर, तिच्यावर आणि माझ्यावर सारखीच चिडलेली आहे, आणि आज तिला दिलेला शब्द मोडते आहे. शुक्रवारी ये. तिच्याशी यातलं काही बोलू नकोस, माफीही मागू नकोस. तिला ते झेपणार नाही. येण्याआधी तिची खाट खालच्या पुढच्या खोलीत उतरव. दिवाळीआधी ते छप्पर उतरवून पत्रा घालू, मी रजा टाकून उभी राहीन, आणि वस्तीनं नावं ठेवली तर ती माझ्या नावानं ठेवू देत. आई नको म्हणेल, कशाला खर्च, कशाला मोडतोड, मला वरच बरं वाटतं म्हणेल. तेव्हा तिचं ऐकू नकोस. बायकांचं न ऐकायची तुला सवय आहे, ती एकदा तिच्या कामी येऊ दे.

तुझीच,
पंकजा