न लिहिलेली वाक्यं

३ तारीख, सोमवार
आज नोकरीचा पहिला दिवस, आणि चक्क मजा आली! जन्मभर मला बडबडी म्हणून नावं ठेवली. आता नेमकं गप्प बसायचं काम मिळालंय. हे सामान घेऊन महिनाअखेर या गावात येतील, तोवर मी एकटीच. हा मनाच्या आजारांचा दवाखाना. गोळ्यांनी गुण येत नाही अशांना इथे केटामाइन, म्हणजे भुलीचं औषध, अगदी थोड्या मात्रेत देतात. पेशंट आरामखुर्चीत, डोळ्यांवर पट्टी, अंगावर पांघरूण, हळू आवाजात संगीत. तासभर तो कुठेतरी तरंगत असतो आणि मधूनच बोलतो. ते मी शेजारी बसून लिहायचं. नंतर त्याला फारसं आठवत नाही, म्हणून समुपदेशक ताई माझा कागद हातात घेऊनच त्याच्याशी बोलतात. डॉक्टरांनी बजावलं, शब्द जसाच्या तसा उतरवा, आपली अक्कल चालवू नका. तुम्ही सासूबाईंची दोन वर्षं सेवा केलीत म्हणूनच तुम्हाला घेतलं, असंही म्हणाले. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

५ तारीख, बुधवार
आज शिंपीकाका होते. बायको गेल्यापासून वर्षभर त्यांनी मशीनला हात लावला नव्हता. आल्या आल्या माझ्या ब्लाउजची बाही बघून विचारलं, ही कोणत्या गाढवानं शिवली? मीच शिवलीय, हे सांगायची छाती झाली नाही. औषधात असताना म्हणाले, "कापड संपतच नाही. किती मोजू?" ताईंनी ते वाचून दाखवल्यावर घळाघळा रडले, मग म्हणाले की जरा मोकळं वाटतंय. आज दिवसभरात मला स्वतःचा राग आला नाही. किती महिन्यांनी!

१० तारीख, सोमवार
बँकेतल्या मॅडमचा पहिला डोस. वीस मिनिटं झाली. मग माझ्या सासूबाईंच्या आवाजात म्हणाल्या, "बेल वाजत नाही गं. केव्हाची दाबतेय."
कुणालाच सांगितलेलं नाही, इथे लिहिते. सासूबाईंच्या उशाशी बेल होती. दर दहा मिनिटांनी वाजायची. एका बुधवारी दुपारी मी तिचे सेल काढून ठेवले. तासभर झोप हवी होती, एवढंच. तीन तास झोपले. उठून बघते तर त्या गेलेल्या, अंगठा बटणावर. हे कामावरून यायच्या आत मी सेल परत घातले. सगळे म्हणाले, सून असावी तर अशी.
मॅडमचं वाक्य मी कागदावर घेतलं नाही.

१२ तारीख, बुधवार
शिंपीकाकाही तेच. "सेल कुठे ठेवलेस?" तोच आवाज, तसंच खाकरणं. त्यापुढचं मी काहीच लिहिलं नाही. ताईंनी कागद बघून विचारलं तेव्हा म्हटलं, झोप लागली होती त्यांना. खोटं बोलायला आता विचारही करावा लागत नाही.

१७ तारीख, सोमवार
काका म्हणाले, "बुधवारी सगळं संपेल. मग कुणाला हाक मारायला नको." बुधवार! सासूबाई गेल्या तोच वार. माझं पाप माझ्या पदरात घालायला त्या इथवर आल्या. पेन खाली ठेवलं. कागद कोरा.
जाताना काका हसत होते. गिऱ्हाइकांचे अडकलेले सगळे कपडे शिवून पोचते केले म्हणाले. ताई खूश. आता पंधरा दिवसांनी या, असं त्यांना सांगितलं.

१९ तारीख, बुधवार
शिंपीकाका गेले. स्वतःच्या हातानं.
सोमवारी सासूबाई नव्हे, काकाच बोलत होते. त्यांचंच ते — आणि मी ऐकलंच नाही.
ताई तो कागद पुन्हा पुन्हा उलटसुलट करून बघत होत्या. एक शब्द जरी बोलले असते ना, म्हणाल्या आणि रडल्या. मी त्यांना पाणी आणून दिलं. काकांचं वाक्य मात्र दिलं नाही. माझ्यासारखी नीच मीच.

२० तारीख, गुरुवार
यांचा फोन. मनाला लावून घेऊ नकोस, तू आईचं किती केलंस — मी फोन ठेवला.
मॅडम पट्टीखाली काहीतरी पुटपुटत होत्या. काकांचा आवाज? सासूबाईंचा? की त्यांचा स्वतःचाच — आता मला वेगळं करता येत नाही. तरी सगळं लिहिलं.

२१ तारीख, शुक्रवार, सकाळ
डॉक्टर म्हणाले, तुमची दशा बघवत नाही, तुम्हीच एकदा औषध घ्या. ताई लिहितील. हो म्हटलं. जागेपणी जीभ रेटत नाही, तिथे तरी रेटेल. ताईंना कळू दे. बेल, सेल, काकांचं वाक्य — सगळं.

दुपारी तीन
झालं. कागद मागितला. कोरा.
ताई म्हणाल्या, झोप लागली होती तुम्हाला. माझ्याकडे न बघता. चेहरा पांढराफटक. पर्स उचलून तशाच गेल्या.
झोपलेल्या माणसाचा घसा बसत नाही. माझा बसलाय. मी बोललेय. खूप बोललेय.
ताईंनी कुणाचा आवाज ऐकला?
आणि मी — मी काय सांगितलं? आठवत नाही. काकांसारखं मीही पुढे काय करणार आहे ते जर सांगून बसले असेन, तर ते कुणालाच — ताई, परत या, निदान एवढं तरी सांगा, मी कोणता वार —