मिरचीच्या देठाचा तपास

धावडा, ता. भोकरदन

चि. सौ. प्रभावतीस,

थोरल्या अक्काचा तोंडभरून आशीर्वाद. तुझ्या गुडघ्याला उतार पडला असंल. पाव्हण्यांचा खोकला कसा हाय ते तूच कळव, ते स्वतः सांगायचे न्हाईत. इकडं सगळं बराबर. मी तर इतकी खुशीत हाय, की सकाळी चहात साखरेच्या जागी मीठ पडलं आन घरच्यांनी गुपचूप पिलं.

कारण असं. आपली जान्हवी (धाकट्याची, नववीतली) हिला शाळेनं नवी वस्तू बनवायला सांगितलीय. पण लगेच बनवायची न्हाई. आधी तपास करायचा. कोणाला काय तरास हाय, ते काम कसं करतेत, त्यांचे हात केवढाले, त्याच्यावर बाजारात आधीच काय मिळतंय. सगळं वहीत आलं की मंग सर म्हणणार, बनव. तिनं निवडलं वाळल्या मिरच्यांचे देठ खुडायचं काम, आन तपासाला निवडलं मला. प्रभा, सासरी येऊन साठ वर्षं झाली, मला समोर बसून कोणी इचारलं न्हवतं की तुला काय अडचण हाय. इचारलं ते एवढंच, भाकरी झाल्या का.

मंग मी इस्त्रीचं लुगडं नेसले. पोरीपुढं बोटं भाजू नयेत म्हणून आधीच गुपचूप तेल चोळलं (एरवी कोण चोळतंय, तेलाचे भाव काय हायेत). असे सपासप देठ काढले की ती बघतच राह्यली. तरास होतो का आजी, म्हणली. म्हणलं, बिलकुल न्हाई. आता वही घेऊन आलेल्या माणसापुढं कोणी रडगाणं गातं का?

नंतर ती टेपानं माझा पंजा मोजू लागली. शेजारच्या पुष्पाबाईनं डोकावून इचारलं, हे कशाला? मी म्हणलं, माप घेऊन राह्यलीय म्हंजी बांगड्या मिळत असतील. (मला खरंच तसं वाटल्तं.) दुपारपर्यंत ओट्यावर सतरा बाया, हात धुऊन. कुरकुर केली तर बांगड्या जातील, म्हणून सगळ्यांचं एकच, तरास न्हाई. आमिना तर म्हणली, "तकलीफ कायकी? बचपन से येच करते."

सरांनी वही बघितली. म्हणले, कोणालाच तरास न्हाई तर वस्तू कोणासाठी? सोमवारपर्यंत नीट तपास आण, न्हाईतर हा विषय सोड. पोरगी घरी आली ती थेट मिरच्यांपाशी बसली. तासाभरात बोटांची आग आग. त्यातच विसरून डोळा चोळला. मला राहवलं न्हाई. म्हणलं, लिही आता. तू तान्ही होतीस तव्हा मिरचीच्या दिवसांत मी तुला घेतच न्हवते. पाळण्यात रडायचीस आन मी लांबून नुसतं हाका मारायची, हात लावायची सोय न्हवती. ती बोटांवर फुंकर घालत लिहू लागली. पानभर झालं, प्रभा. माझं पानभर.

त्या खुशीत मी गल्लीभर फिरले आन सगळ्यांना समजावून आले की खरं बोला, असं असं बोला. दुसऱ्या दिवशी सतरा जणींनी शब्दाला शब्द तेच सांगितलं. तृप्तीनंबी सांगितलं की तान्ह्याला घेता येत न्हाई. तिचं अजून लग्न ठरायचंय. सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणले, आजीचं खरं हाय, बाकी नक्कल. गावाबाहेरची एक बाई शोध, तिच्या तिच्या शब्दात.

लेकराबाळांना आशीर्वाद. पाव्हण्यांना नमस्कार.

तुझी,
अक्का

ता. क. जान्हवी रविवारच्या गाडीनं अंबडला तुझ्याकडं येऊन राह्यलीय. तूबी मसालेवाल्याच्या मिरच्या खुडतीस. इचारलं तर तरास न्हाई म्हणू नको, आपली आई जन्मभर म्हणायची तसं. जे होतं ते सांग. माझं पाळण्याचं मात्र सांगू नको, ते माझं हाय.

ता. क. दुसरा. चिठ्ठी वाचून झाली की लगेच चुलीत घाल. सरांची सक्त ताकीद हाय, उत्तर देणारीला आधी काही शिकवायचं न्हाई. मी शिकवलं न्हाई, फक्त कळवलं.