सहा, आठ आणि सात

नुंगंबाक्कम, चेन्नई
३ जुलै २०२५ (अप्पांच्या मोजणीने दिवस १२१)

चि. मौळी यास,

अनेक आशीर्वाद. मोठ्या बहिणीने द्यायचे असतात म्हणून देतेय, मनात आत्ता दुसरंच आहे. अप्पांचं बीपी ठीक आहे. डावा हात चांगला चालतो, वाचा अजून नाही. हे पत्र गोळ्यांच्या डब्याखाली ठेवतेय. फोन तू उचलत नाहीस, पण तुझ्या पाळीच्या दिवशी डबा तुला उघडावाच लागेल.

काल तुझ्या कारखान्यातले गुरुमूर्ती आमच्या लॅबमध्ये रक्त द्यायला आले होते. मी सुई टोचत असताना म्हणाले, "मौळीने शिफ्ट सोडली की! दर सातव्या दिवशी सुट्टी पाहिजे म्हणून स्वतः अर्ज दिला." स्वतः! आणि अप्पांना सांभाळणाऱ्या विशालाक्षीला तू सांगतोस की कंपनीने बदललं. सुई नीट बसली हे गुरुमूर्तींचं नशीब.

मला सहाव्या दिवशी सुट्टी, तुला आतापर्यंत आठव्या. अप्पा इस्पितळातून घरी आल्यापासून रोज कॅलेंडरच्या पानावर दिवस मोजतात. चोविसावा आणि अठ्ठेचाळिसावा, म्हणजे सहाच्याही पाढ्यात येणारे आणि आठच्याही, हे दोन दिवस आपण तिघं एकत्र जेवायला बसलो. त्या पानांवर लाल गोल आहेत. आणि तू उचललास तो सात! सहा आणि सात, सहमूळ, एक सोडून दोघांना भागणारं काही नाही. गणिताच्या मास्तरांचा मुलगा तू. नकळत निवडलास, हे दुसऱ्या कुणाला सांग.

अठ्ठेचाळिसाव्या दिवसाबद्दल मी लिहिणार नव्हते. पण सुरुवात तिथेच झाली. तू अप्पांच्या हातातला चमचा काढून घेतलास आणि भरवायला लागलास. मी म्हटलं, त्यांना तान्हं बाळ करू नकोस, सांडलं तर सांडू दे. तू म्हणालास, "तू इथे जेवायला येत नाहीस अक्का, पेपर तपासायला येतेस." मग मी भरल्या ताटावरून उठले आणि ओरडले, "तुझ्यात नि माझ्यात एकही समान अवयव नाही!" अप्पांसमोर. त्यांनीच शिकवलेल्या शब्दांत.

म्हणून काल सात ऐकून मला वाटलं, हे त्या वाक्याचं उत्तर. आज सकाळी आल्या आल्या मी अप्पांसमोर तोंड सोडलं. म्हटलं, "बघा तुमचा लाडका, जन्मात तोंड दिसू नये म्हणून सहमूळ संख्या शोधून काढली त्याने."

अप्पांनी डावा हात टेबलावर असा आपटला की विशालाक्षी स्वयंपाकघरातून धावत आली. खुणेने कॅलेंडर मागितलं. लाल पेन्सिलीने तुझ्या दिवसांवर खुणा केल्या, १२५, १३२, १३९. मग माझ्या, १२७, १३३, १३९. एकशे एकोणचाळीसला गोल केला. फळ्यावर चुकलेल्या मुलीकडे बघायचे तसं माझ्याकडे बघितलं. सहा आणि सात कुठूनही निघू देत, बेचाळीस दिवसांत एकदा गाठ पडणारच. पाचवीतल्या पोरांना चिंचोके मांडून शिकवायचे ते हे, आणि मी विसरले.

एवढ्यावर थांबले असते तर बरं. पण फाडलेल्या पानांच्या गठ्ठ्यातून त्यांनी पंचावन्नावं पान काढलं. त्यावर मोठी फुली होती. ते पान माझ्यासमोर ठेवून त्यांनी पेन्सिल खाली टाकली.

मौळी, ती फुली अप्पांनी माझ्या नावावर मारलेली आहे. भांडणानंतर मी सुट्टी चोपन्नाव्याऐवजी पंचावन्नाव्या दिवशी मागून घेतली. फक्त एक दिवस पुढे. तिथून सहा-सहाने गेलं की माझे सगळे दिवस विषम, आणि तुझे आठ-आठने सगळे सम. कधीच गाठ नाही. मी कागदावर मांडून बघितलं होतं. जन्मात तोंड दिसू नये असं गणित मी केलं, तू नाही. बहात्तराव्या दिवशी अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून तीन ताटांसमोर बसले होते, आणि सुट्टी मिळाली नाही असं मी विशालाक्षीला फोनवर खोटं सांगितलं. शहाण्णवाव्या दिवशीही.

दोन्ही वेळा तू होतास तिथे. तुला कळलं होतं, नाही का? म्हणून सात, मी कुठूनही मोजलं तरी गाठ पडावी असा.

याचा तर मला सगळ्यात जास्त राग आलाय. माझ्या दारात येऊन "अक्का, तू हे मुद्दाम करतेस" म्हणून ओरडायचं होतंस. ते सोडून गुपचूप अर्ज देतोस, मला गुरुमूर्तींकडून कळतं, आणि माझी चूक मला अप्पांच्या फुलीवरून वाचावी लागते. शरम वाटली. फार वाटली.

एकशे एकोणचाळिसावा दिवस म्हणजे २१ जुलै. अप्पांचा शर्ट इस्त्री करून ठेवलाय. चमचा त्यांच्याच हातात राहील, त्यावरून मी हटणार नाही. तुला घसा बसेपर्यंत भांडायचं असेल तर भांड. पण या वेळी ताटावरून कुणी उठायचं नाही.

आता सुट्टी एका दिवसानेही न सरकवणारी,
तुझी अक्का
विद्युलता