चांदणीचा रिकामा खुंटा

संगमनेर, गुरुवार, १४ ऑगस्ट

आजही राणी तशीच उभी, चांदणीच्या रिकाम्या खुंट्याकडे तोंड करून. राणी-चांदणी या आमच्या वरातीच्या दोन घोड्या. दुपारभर एकमेकींच्या शेपटीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. एकीच्या डोळ्यांवरच्या माश्या दुसरीची शेपटी हाकायची. चांदणी गेल्या आठवड्यात गेली. राणी जागा सोडत नाही. आता तिकडे शेपटीच नाही, हे तिला कसं सांगायचं? डोळे चिघळलेत. लिंबाच्या पाल्याचा धूर केला, तेल लावलं. धूर विरला की गोमाश्या परत.

शेवटी ह्यांच्यावरच चिडले. "नुस्त्या दोऱ्या काय वळीत बसलाय? तिचे डोळे गेले म्हंजे?"

"झालंच. धर जरा."

हातात घेतली तर डोळ्यांवर बांधायची झालर. लांब, पांढऱ्या केसांची.

"चांदणीच्या शेपटीचे. पुरायच्या आधी कापून घेतले व्हते," हे म्हणाले.

कपाळाला बांधली. राणीनं मान हलवली, माश्या उठल्या. पुन्हा हलवली. मग खुंट्याकडे पाठ करून वैरणीला तोंड लावलं.

हे मात्र अजून तिथंच बसलेत, त्या रिकाम्या खुंट्यापाशी.