पुसल्या गेलेल्या रेघा

प्रिय लेसिएली,

तू सांगितलंस तस्संच केलं गं. फॉन्टची फाइल त्या लपलेल्या फोल्डरमध्ये टाकली, काळ्या खिडकीत तुझी आज्ञा टाइप करून यादी ताजी केली, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला. बाबांच्या नव्या स्तोत्राच्या सुरांचे सगळे आकडे, त्यांवरच्या तिरप्या रेघांसकट, पडद्यावर दिसले. मी टाळ्या वाजवल्या. मग लॉगिन बदलून गायनमंडळाच्या खात्यात गेले आणि चाळीस प्रती छापल्या, तर एकाही आकड्यावर रेघ नाही! कॉम्प्युटर एकच, मग फॉन्ट माझ्या खात्याला दिसतो आणि मंडळाच्या नाही, हे काय गौडबंगाल? माझं डोकं भणभणलंय.

कहर म्हणजे प्रती न तपासताच मी त्या सरावाला वाटल्या. आपली माणसं तुला ठाऊकच आहेत, कागदावर असेल तेच गाणार. रेघ नाही, म्हणजे अर्धा सूर चढायचा नाही. सेमिसीकाका तर खूश, "म्हाताऱ्याने एकदाची सोपी चाल दिली, देव पावला!" बाबा पहिल्या बाकावर होते. अर्धांगाच्या झटक्यापासून उजवा हात उचलत नाही, हे स्तोत्र त्यांनी चार महिने डाव्या हाताने लिहिलंय. दुसऱ्याच ओळीला ते काठी आपटत उठले.

घरी मी म्हटलं, "बाबा, फॉन्ट सापडत नाहीये." तर म्हणाले, "फॉन्ट कोण? कॉम्प्युटर लेसिएलीनेच तिकडून लावून पाठवला ना? पुन्हा पुसल्या तिने रेघा." चूक यंत्राची की माझी, मला अजून कळलेलं नाही. पण तो 'पुन्हा' ऐकून मी ताटावरून उठले.

लेसिएली, अकरा वर्षांपूर्वी फळ्यावरच्या रेघा मी पुसल्या होत्या. मला तो चढा सूर लागत नव्हता, सगळ्यांसमोर हसं होईल म्हणून भ्याले. फळ्यावर चाल तू लिहिली होतीस, म्हणून बाबांनी तुला मंडळातून काढलं. तू ऑकलंडला निघून गेलीस, आणि मी धक्क्यावर हात हलवत उभी राहिले, तोंडातून शब्द काढला नाही. काल बाबांना सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "तूच लिही तिला. मला लाज वाटते." फॉन्ट सगळ्या खात्यांना दिसेल असा कुठे ठेवायचा, ते जमेल तेव्हा कळव. पण आधी फोन कर, मला शिव्या घालायला का होईना.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
मेलेनाइतेताई