रिकाम्या ग्लासचा वास

४ मार्च

चि. खारीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. चार पानांपैकी साडेतीन पानं नव्या जागेच्या मापांची, आणि शेवटच्या अर्ध्या पानात, दारात चपला घालता घालता विचारावं तसं, खरं काम. ही तुझी खोड शाळेपासूनची. मला कळलं ते असं: तुम्ही चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायला जाणार. तिथे कपाट एकच मावतं. त्यात तुझी पुस्तकबांधणीची हत्यारं राहतील की जावईबापूंच्या चौदा बाटल्या, एवढाच प्रश्न. कुठल्या प्यायच्या, कुठल्या ठेवायच्या आणि कुठल्या विकायच्या हे मी सांगावं, आणि मी सांगितलं हे त्यांना कळू नये. म्हणजे आठ वर्षं ज्या माणसानं माझं, सख्ख्या मेहुण्याचं, तोंड पाहिलं नाही, त्याच्या कपाटात मी पत्रातून डोकवायचं. चोरी करायची ती तिकीट लावून, हे आपल्या घराण्याला शोभतं खरं.

कामाचं बोलतो. पंचवीस वर्षं लिलावघरात दुसऱ्यांच्या व्हिस्कीच्या कुंडल्या मांडतोय, तेव्हा एवढं निमूट ऐक. ओलं फडकं दूर ठेव. तुझा स्वच्छतेचा सोस मला माहीत आहे, पण लेबल धुतलेली बाटली म्हणजे नाव खोडलेली पोथी. वाइन आडवी झोपते, व्हिस्की उभी राहते. आडवी ठेवलीस तर बुचाची वाट लागते. प्रत्येक बाटली उजेडासमोर धर आणि आतली रेषा बघ, मानेपर्यंत आहे की खांद्याखाली घसरली आहे. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीची. ती डिस्टिलरी चालू आहे की कायमची बंद पडली, ते मी इथे शोधीन. बंद पडलेलीची विकावी, एकाच पिपातून भरलेली ठेवावी, आणि जिच्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही ती प्यावी. सगळ्यात सुखी तीच.

आत्ता दुपार आहे. वरच्या चाखायच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीतून मऊ उजेड येतोय आणि टेबलावरच्या वीस ग्लासांत वीस निरनिराळ्या संध्याकाळी भरून ठेवल्यासारख्या दिसतात. इथे बसलं की वेळ पातळ होतो. पिपात मुरताना व्हिस्की दरवर्षी थोडी थोडी हवेत उडून जाते. यज्ञ न करता देवांना मिळणारा हविर्भाग तो हाच असावा. आपलीही काही वर्षं अशीच गेली, खारे. पिपाला भोक नव्हतं, बूच घट्ट होतं, तरी गेली.

जावईबापूंना नमस्कार सांगू नकोस. लोभ मुरत ठेवावा.

तुझा,
दादा

१३ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

हे दुकानात असताना दोन दुपारी खपून तेरा बाटल्यांची यादी केली, ती सोबत आहे. फडकं लावलं नाही, शपथ. तीन बाटल्या आडव्या होत्या. त्या मीच आडव्या केल्या होत्या, उभ्या राहून दमल्या असतील म्हणून. आता परत उभ्या केल्यात. हसू नकोस.

चौदावी यादीत नाही. ती कुठली हे तुला सांगायला नको, पण एकदा लिहूनच टाकते, आठ वर्षांत कुणी तोंडातून काढलं नाही म्हणून. ह्यांच्या गुरुजींनी दुकान बंद करताना ह्यांना दोन गोष्टी दिल्या: भिंगं तपासायचं जुनं यंत्र आणि ती बाटली. गुरुजी गेल्यावर वर्षानं ह्यांनी ती चार पाहुण्यांसमोर उघडली, मुद्दाम तू आलास म्हणून. आणि तू नाक घातलंस, डोळे मिटलेस आणि भर बैठकीत निकाल दिलास की हिच्यात कुणीतरी वरून वास मिसळलाय, ही खरी नव्हे. ह्यांनी बूच लावलं आणि बाटली आत नेली. तू पडलास जाणकार. मग गुरुजी एकतर फसलेले नाहीतर फसवणारे, तिसरं काही उरतच नव्हतं.

काल बांधाबांध करताना ह्यांनी बाकीच्या रद्दीत गुंडाळल्या आणि ही स्वतःच्या स्वेटरमध्ये. मी विचारलं, विकायची का. म्हणाले, खोटी वस्तू विकत नाहीत. मग ठेवायची का, म्हटलं. त्यावर स्वेटरच्या बाह्यांची गाठ मारली. दादा, मला हे नव्या घरात न्यायचं नाही. दोन चमचे एका नव्या काचेच्या कुपीत भरून, ह्याच पत्रात गुंडाळून पाठवते आहे. एकदाच नीट सांग. खोटी असेल तर जागा सोडण्याआधी मी माझ्या हातानं मोरीत ओतीन. त्यांच्यानं ते व्हायचं नाही.

तब्येतीला जप. रागावणार असलास तर सावकाश रागाव, माया आटू देऊ नकोस.

तुझी,
खार

२१ मार्च

चि. खारीस अनेक उत्तम आशीर्वाद.

मोरीपासून लांब राहा. बाकीचं नंतर वाच.

तुझं पाकीट काल सकाळी खोलीत नेलं. कात्रीनं कड कापली आणि ती संध्याकाळ समोर उभी राहिली. तोच वास. पुढे लवंग, मागे किंचित आंबूस, पिठूळ काहीतरी. मी मनाशी म्हटलं, घ्या, आठ वर्षांनीही नाक शाबूत आहे. मग लक्षात आलं की कुपीचं झाकण अजून बंदच आहे. वास येत होता तो तुझ्या पत्राला.

मी पत्र दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलं, हात धुतले आणि कुपी उघडली. लवंगेचा मागमूस नाही. सुकवलेली नासपती, ओल्या पाटीचा गारवा, आणि फार दूर, कुणाच्या तरी बालपणात विझलेल्या शेकोटीचा धूर. आठ वर्षं अर्धवट उघडी राहून थकली आहे बिचारी, पण बोलते अजून. त्याच डिस्टिलरीच्या त्या काळातल्या नमुन्याशेजारी ठेवून पाहिली. माझ्या सहकारी बाईंना काहीएक न सांगता दोन्ही ग्लास दिले. त्या म्हणाल्या, सख्ख्या बहिणी आहेत, एक जरा आजारी. खारे, बाटली खरी आहे. तेव्हाही खरीच होती.

नैयायिक म्हणतात की वास हा पृथ्वीचा गुण, पाण्याचा नव्हे. पाण्याला येतो तो कुठूनतरी चिकटलेला. हे मी विसाव्या वर्षी घोकलं आणि शेहेचाळिसाव्या वर्षी विसरलो. तू पुस्तकं चिकटवायच्या खळीत लवंगेचं तेल घालतेस ना, कसर लागू नये म्हणून? त्या संध्याकाळी माझा ग्लास कुठून आला होता, ते आठवून कळव. कालपासून मी खिडकीपाशी बसून आहे आणि एकही बाटली तपासलेली नाही.

तुझा,
दादा

२७ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रडले, मग खळ करपली.

आठवायला कशाला हवं? बैठकीचे ग्लास पाच. पाहुणे चार आणि हे, झाले पाच. तू सहावा. पाहुण्याला वेगळा ग्लास कसा द्यायचा? तू घरचा, म्हणून बांधणीच्या टेबलावरचा आणला. धुतला होता रे, चांगला दोनदा धुतला होता. पुसला मात्र खांद्यावरच्या फडक्यानं, आणि त्या आठवड्यात चाळीस खंडांचं काम चालू होतं. नुसती खळीत बुडालेली होते मी. मला स्वतःला तो वास येतच नाही, कधीचा येईनासा झालाय.

म्हणजे आठ वर्षं मी दोघांची समजूत घालत फिरले, आणि मुळात माझंच फडकं. पण दादा, फडकं माझं असलं तरी तोंड तुझं होतं. मी ह्यांना काही सांगणार नाही. आजवर तुमच्या दोघांमधलं पोस्ट मी चालवलं, ते आता बंद. तूच लिही, आणि संस्कृत न घालता लिही.

पंचवीस एप्रिलला सामान हलतं आहे. तोवर माझ्यावर लोभ ठेवायचा की नाही, ते त्यांचं उत्तर आल्यावर ठरव.

तुझी,
खार

२ एप्रिल

श्री. जावईबापूंस स. न. वि. वि.

हे पत्र न फाडता इथवर वाचलंत तर उपकार आहेत.

तुमच्या गुरुजींनी दिलेली बाटली अस्सल आहे. खारीनं तपासायला पाठवलेल्या दोन चमच्यांत सुकवलेली नासपती, ओली पाटी आणि दूरचा धूर, एवढंच आहे. त्या संध्याकाळी जो वास मला आला तो माझ्या ग्लासाला होता, व्हिस्कीला नव्हता. ग्लासाला का होता ते खारीला विचारा, पण तिच्यावर रागावू नका. चूक तिची नाही. आमच्या कामात पहिला नियम आहे: आधी रिकाम्या ग्लासचा वास घ्यायचा, मग ओतायचं. दरवर्षी नव्या लोकांना मी हेच आधी शिकवतो. त्या दिवशी मी तो घेतला नाही, कारण तुम्ही ओतत होतात तेव्हा मी पाहुण्यांना काहीतरी समजावून सांगत होतो. काय ते आता आठवतही नाही. एवढ्यासाठी मी तुमच्या गुरुजींना त्यांच्या माघारी, तुमच्याच घरात खोटं ठरवलं.

तुमच्या संग्रहाबद्दल खारीनं मला गुपचूप विचारलं होतं, तेही कबूल करतो. दोन बाटल्या विकण्याजोग्या आहेत, चार ठेवण्याजोग्या, सात पिण्याजोग्या. चौदावी उघडलेली असल्यामुळे बाजारात तिला आता कुणी विचारणार नाही. ती न उघडता राहिली असती तर तेरा जणींना मागे टाकून गेली असती. तिचं मी जे केलं ते मला भरून देता येत नाही. तुम्ही उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. पण गुरुजींबद्दल मनात काही आलं असेल, तर ते काढून टाका, आणि ते माझ्या नावावर घाला.

आपला,
खारीचा दादा

९ एप्रिल

सौ.च्या दादांस नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. एकदा जवळून, एकदा चष्मा काढून.

बाटली आठ वर्षं उघडली नाही तो राग होता असं तुमची बहीण समजते. राग पहिला महिनाभर होता. पुढे भीती होती. प्यायलो आणि तुम्ही म्हणालात तोच वास मला आला तर काय करायचं? काच कशी धरायची इथपासून सगळं मी त्यांच्याकडून शिकलो. त्यांची एक वस्तू खोटी निघाली असती तर बाकीच्या सगळ्याच तपासाव्या लागल्या असत्या. गिऱ्हाइकाचा नंबर काढताना मधेच हात थांबायचा. हे मी सौ.ला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. ती हे पत्र चोरून वाचणारच, तो भाग वेगळा.

काल सकाळी दहा वाजता रिकाम्या खोलीत खोक्यावर बसून चमचाभर घेतली. ग्लास आधी हुंगला. तुमच्यासारखी नासपती, पाटी वगैरे मला काही सापडलं नाही. एवढंच वाटलं की दुकानाचं शटर नुकतं वर गेलंय, फरशी ओली आहे, आणि आत कुणीतरी काच पुसत बसलंय. हाक मारली नाही.

तुम्ही विकायच्या, ठेवायच्या, प्यायच्या अशा तीन राशी केल्यात. चौदावी प्यायच्या राशीत घाला. तिघांपुरती आहे. पंचवीसला सकाळी नऊला या. खोकी जड आहेत आणि तुमच्या कंबरेची सबब चालणार नाही. खुर्च्या आदल्या दिवशीच जातील, तेव्हा उभ्यानं घ्यावी लागेल. तुमच्या धंद्यात चव घेऊन थुंकतात असं ऐकतो. आमच्याकडे ती पद्धत नाही.

आपला,
चष्मेवाला